सोबतची फाईल सापडत नाही : मराठी बिलाच्या दुरुस्तीला किती पैसे द्यावेत?

कडावच्या बाजारातलं बी-बियाण्यांचं एक दुकान. जूनचा पहिला आठवडा, वळवाच्या दोन सरी पडून गेलेल्या, पेरणीच्या घाईची माणसं काउंटरपाशी उभी. बिल छापून येतं. तारीख बरोबर, वजन बरोबर, रक्कम बरोबर आणि मालाच्या नावाचा रकाना कोरा. दुसरं बिल, तेही कोरं. "काल चालत होतं हो," शेठ म्हणतात. काल म्हणजे कधीपर्यंत, तर भाच्याने संध्याकाळी डेस्कटॉप आवरून दिला तोपर्यंत.

मी पोचायच्या आधी त्यांनी फोनवर एकाला विचारलं होतं. त्याने न बघताच निदान केलं : "सर्व्हर बसवावा लागेल, आठ हजार होतील." मी भाच्याला विचारलं, काय काय हलवलंस? त्याने ‘जुन्या फायली’ नावाचं नवं फोल्डर दाखवलं. त्यात एक बारकीशी फाईल होती. ती उचलून मूळ जागी ठेवली, बिल पुन्हा काढलं, नावं आली. चहाचे पैसेही शेठनीच दिले.

त्या आठ हजारांवरून हा लेख लिहायला घेतला. कर्जत-खालापुरात टॅलीतून निघालेल्या हिशेबाला मराठी रूप देणारी अशी छोटी जुळणी भातगिरणीत, खताच्या दुकानात, खोपोलीच्या एखाद्या वर्कशॉपात कोणीतरी कधीतरी करून दिलेली असते. करून देणारा पोरगा पुढे ठाण्याला नाहीतर पुण्याला नोकरीला लागतो आणि ती बंद पडली की मालकाला खर्चाचा अंदाजच नसतो. पाचशेचं काम आठ हजारांना जातं. कधी उलटंही होतं, चार हजारांच्या कामाला लोक पाचशे देऊन मोकळे होतात आणि मग दर महिन्याला पाचशे देत राहतात.

तीन फायलींचा संसार

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या. तेवढ्यावर निम्मे पैसे वाचतात.

पहिली फाईल टॅलीची. डे बुकमध्ये जाऊन आल्ट आणि ई दाबलं, प्रकार एक्सएमएल निवडला की दिवसभराचे व्हाउचर एका फाईलमध्ये उतरतात. ही फाईल उघडून बघितली तर पाकिटात पाकीट असतं. सगळ्यांत बाहेरच्या खुणेचं नावच मुळी ‘एन्व्हलप’ आहे. आत हेडर, बॉडी, त्याच्या आत ‘टॅलीमेसेज’ आणि त्याच्या आत एकेक व्हाउचर. दुसरी फाईल स्टाइलशीट. टॅलीच्या फाईलमधलं काय उचलायचं, कुठल्या रकान्यात ठेवायचं, बेरीज कुठे दाखवायची, याचा नियमच तिच्यात लिहिलेला असतो. ही भाषा एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाणित केली, दुसरी २००७ मध्ये, तिसरी २०१७ मध्ये. गावोगावी अजून चालते ती बहुतेक पहिलीच.

तिसरी फाईल तुमची, घरची. टॅलीत मालाचं नाव इंग्रजीत आणि हिशेबनिसाच्या सोयीने आखूड लिहिलेलं असतं. शेतकऱ्याला ते नको असतं. त्याला हवं असतं ‘कर्जत-३, १० किलो’ आणि शेजारी ‘हळवं’. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही वाणं हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी. हे कोणाला तोंडपाठ असतं, कोणाला नसतं, पण बिलावर लिहिलं की पुढचे प्रश्न कमी होतात. म्हणून तिसऱ्या फाईलमध्ये यादी करायची. तीही एक्सएमएलच, पण खुणांची नावं मराठीत चालतात, कारण एक्सएमएलला देवनागरी अक्षरं मुळातच मान्य आहेत :

<यादी>
  <वाण टॅलीनाव="कर्जत ३ १० केजी" गट="हळवं">कर्जत-३ भात, १० किलो</वाण>
  <वाण टॅलीनाव="कर्जत ७ १० केजी" गट="हळवं">कर्जत-७ भात, १० किलो</वाण>
</यादी>

‘टॅलीनाव’पुढचा मजकूर छपाईसाठी मी देवनागरीत दिला आहे. तुमच्या फाईलमध्ये तो टॅलीत जसा आहे तसाच, इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत हवा. आपल्याला ३ आणि इंग्रजी तीन एकच वाटतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

आता स्टाइलशीटला ही यादी वाचायला लावायची. त्यासाठी एक्सएसएलटीत ‘डॉक्युमेंट’ नावाचं फंक्शन पहिल्या दिवसापासून आहे. कंसात फाईलचं नाव दिलं की ती फाईल उघडते. काम एका ओळीचं. सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, परवाना लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सोबतची फाईल वाचण्याची किंमत शून्य रुपये. मग पैसे कशाला पडतात? फाईलचा पत्ता ठरवायला, अक्षरं निस्तरायला आणि नावं भरायला.

आधी विचारा : हे हवंच आहे का?

धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण माल तीस-चाळीस प्रकारचा असेल आणि फक्त मराठी नावच हवं असेल तर यातलं काहीच करू नका. टॅलीत देवनागरी टाइप होतं, मालाला पर्यायी नावही देता येतं. एक दुपार बसून नावं बदला. खर्च शून्य.

दुसरी वाट टॅलीतच बदल करून घेण्याची. त्याला टीडीएल म्हणतात आणि ते टॅलीचे अधिकृत भागीदार करून देतात. बिल थेट टॅलीतून छापायचं असेल, काउंटरवर गर्दी असेल, तर हीच वाट बरी. फक्त टॅलीची आवृत्ती बदलल्यावर तो बदल तपासून देणार का आणि किती पैशांत, ते आधी विचारून ठेवा.

तीन फायलींची जुळणी उपयोगी पडते ती टॅलीत नसलेली माहिती बिलावर किंवा अहवालावर आणायची असते तेव्हा. हळवं-गरवं, औषधाची प्रतीक्षा मुदत, गोदामातला खण, किंवा खोपोलीच्या वर्कशॉपात सुट्या भागाचा ड्रॉइंग क्रमांक. आणि त्यासाठी टॅलीचा दुसरा परवाना कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. एका संगणकावरच्या सिल्व्हर परवान्याचा दर लिहिताना २२,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० आहे. अनेक संगणकांचा गोल्ड ६७,५०० अधिक जीएसटी. एक्सएमएल फाईल एकदा बाहेर पडली की ती टॅली नसलेल्या संगणकावरही वाचता येते. आतल्या खोलीतला जुना लॅपटॉप पुरतो.

पत्ता कुठे चुकतो

कडावच्या दुकानात जे झालं ते दहातल्या सात ठिकाणी झालेलं असतं, असं मी नुसत्या अनुभवावरून म्हणतो. स्टाइलशीटमध्ये फाईलचं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर ती कुठे शोधली जाते? लोकांना वाटतं, टॅलीची फाईल आहे तिथे. तसं नाही. नुसतं नाव दिलं तर स्टाइलशीट ज्या फोल्डरात आहे तिथे शोध होतो. टॅलीची फाईल डी ड्राइव्हवर असो की पेनड्राइव्हवर, त्याचा संबंध नाही. म्हणून स्टाइलशीट आणि यादी कायम एकाच फोल्डरात ठेवायच्या आणि त्या फोल्डराला कोणी हात लावायचा नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे त्या फोल्डराचं नाव ‘हात_लावू_नये’ असंच आहे. हसतात, पण लावत नाहीत.

फंक्शनच्या कंसात नावापुढे दुसरी बाबही देता येते, मग शोध टॅलीच्या फाईलशेजारी होतो. ते कधी लागतं? यादी दर महिन्याला बदलत असेल आणि डेटाबरोबरच येत असेल तेव्हा. एरवी नको.

कोणी पूर्ण पत्ता लिहून ठेवला असेल तर तीन गोष्टी बघा. विंडोजच्या उलट्या तिरक्या रेघा तिथे चालत नाहीत. ‘फाईल’ शब्द, दोन टिंबं, मग तीन सरळ तिरक्या रेघा आणि पुढे ड्राइव्हचं अक्षर, असा तो पत्ता हवा. फोल्डराच्या नावात मोकळी जागा असेल तर तिथे टक्क्याचं चिन्ह आणि वीस लिहावं लागतं. आणि तो पत्ता त्या एकाच संगणकापुरता असतो. संगणक बदलला की पत्ता मेला. म्हणून नुसतं नाव बरं.

आणखी एक खोच. फाईल सापडली नाही तर पहिल्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे प्रोसेसरने, म्हणजे स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रामने, चूक दाखवावी किंवा काहीच सापडलं नाही असं समजून पुढे जावं, दोन्ही मान्य आहे. काही पुढे जातात. काळ्या खिडकीत एखादी इशाऱ्याची ओळ येते, ती खिडकी क्षणात बंद होते आणि कोरं बिल हातात पडतं. कोरा रकाना दिसला म्हणजे ‘सॉफ्टवेअर उडालं’ असं नसतं, बहुधा यादी सापडलेली नसते. पुढच्या आवृत्तीत फाईल जागेवर आहे का हे आधीच विचारण्याची सोय आहे. नवीन काम करून घेत असाल तर तेवढं मागा : यादी सापडली नाही तर बिल छापूच नये, पडद्यावर मराठीत तसं सांगावं.

ब्राउझरवर केलेलं काम घेऊ नका

पुष्कळ पोरं हे काम ब्राउझरच्या भरवशावर करून देतात, कारण दाखवायला सोपं असतं. फाईलवर दोनदा क्लिक केलं की क्रोममध्ये सुंदर तक्ता उघडतो. त्यांच्या लॅपटॉपवर. तुमच्या दुकानात पांढरं पान.

कारण सुरक्षेचं आहे. संगणकावरच्या एका फाईलने शेजारची फाईल वाचू नये, असं क्रोम फार आधीपासून पाळतो. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरातल्या फाईलला मुभा द्यायचा. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८व्या आवृत्तीपासून त्यानेही ती बंद केली आणि त्या वर्षी कितीतरी चालत्या जुळण्या एका रात्रीत बसल्या. यावर ‘ब्राउझरचं कुलूप उघडून देतो, हजार रुपये’ म्हणणारे भेटतात. कुलूप खरंच उघडता येतं. पण मग त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही बँक उघडता, आणि मेलवरून आलेली कुठलीही फाईल तुमच्या बाकीच्या फायली वाचू शकते. हजार रुपये देऊन घराचं दार काढून घेतल्यासारखं.

त्याहून मोठं कारण पुढे आहे. क्रोमच्या निर्मात्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की ब्राउझरमधली एक्सएसएलटीची सोय टप्प्याटप्प्याने काढून टाकायची, आणि जाहीर झालेल्या वेळापत्रकात नोव्हेंबर २०२६ हा मुक्काम आहे. तेव्हा ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जुळणीवर आज एक रुपयाही घालू नका. भाषा मरत नाहीये, ब्राउझरमधली तिची खोली रिकामी होतेय एवढंच.

काम ब्राउझरच्या बाहेर करून घ्या. विंडोज १० किंवा ११ वर पॉवरशेल असतंच आणि त्यात एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती चालवणारा प्रोसेसर अंगचाच आहे. काही बसवावं लागत नाही. एक गोम : त्यात ‘डॉक्युमेंट’ फंक्शन मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. पहिल्यांदा चालवलं की ‘हे फंक्शन चालवायला मनाई आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चूक येते. घाबरायचं कारण नाही आणि पैसे द्यायचं तर अजिबात नाही. एका सेटिंगने ते सुरू होतं. त्या चुकीच्या निरोपातच सेटिंगचं नाव दिलेलं असतं. फक्त स्टाइलशीट ओळखीच्या माणसाची असेल तेव्हाच सुरू करा, कारण हेच फंक्शन परक्याच्या हातात गेलं तर तुमच्या संगणकावरची दुसरी एक्सएमएल फाईलही वाचू शकतं.

दुसरी आवृत्ती किंवा तिसरी हवी असेल तर सॅक्सन. त्याची एचई आवृत्ती फुकट आणि खुली आहे. जावा लागतं, तेही खुल्या परवान्याचं फुकट मिळतं. लिनक्स किंवा मॅकवाल्यांना एक्सएसएलटीप्रॉक, तेही फुकट. यातून तयार झालेलं साधं एचटीएमएल पान मग खुशाल क्रोममध्ये उघडा आणि छापा. तयार पान दाखवायला कुठलाही ब्राउझर नाही म्हणत नाही.

अक्षरांचा घोळ

खरा खर्च इथे येतो, आणि तो कोणी आधी सांगत नाही.

यादी नोटपॅडमध्ये करून ‘आन्सी’ म्हणून जतन केली तर सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत येत नाहीत. यूटीएफ-८ निवडा. इथवर फुकट.

पण तुमच्याकडे नावांची यादी आधीच आहे, छापखान्यात पावतीपुस्तक करताना केलेली, आणि ती श्री-लिपीत किंवा कृतिदेवमध्ये आहे, तर ती यादी जशीच्या तशी चालणार नाही. त्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘भात’ दिसत असलं तरी फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फाँट काढला की नुसती अगम्य अक्षरं. ती युनिकोडमध्ये आणावी लागते. बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांपाशी ती अडखळतात, म्हणून नजरेखालून घालावंच लागतं. शंभर-दीडशे नावं असतील तर बदलत बसण्यापेक्षा मोबाइलच्या कीबोर्डवर नव्याने टाइप करणं स्वस्त. शाळेतल्या पोरीला सांगा, ती आपल्यापेक्षा भरभर करते.

टॅलीच्या बाजूनेही काही काटे असतात. गटाच्या नावाआधी टॅली कधीकधी एक अदृश्य खूण घालते. चौथ्या क्रमांकाचं नियंत्रक अक्षर. एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीत ते निषिद्ध आहे, त्यामुळे शिस्तीचा कुठलाही प्रोसेसर ती फाईल वाचायलाच नकार देतो. नवशिक्याचा अख्खा दिवस यात जातो. माहीत असलेला ती खूण आधीच झाडून टाकतो, दहा मिनिटांचं काम. काम देण्याआधी त्याला सहज विचारा, "टॅलीच्या फाईलमधल्या चार नंबरच्या खुणेचं काय करता?" तो हसला तर माणूस बरोबर आहे.

तसंच वजन. टॅली ‘१० केजी’ असं एकत्र लिहिते, दरही ‘४५ भागिले केजी’ असा. नुसता आकडा समजून बेरीज केली की ‘हा आकडा नाही’ असं उत्तर येतं. नावेची रक्कम उणे चिन्हाने येते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बिलावर उणे हजार रुपये. आणि टॅलीत नाव टाइप करताना कोणी मध्ये दोन मोकळ्या जागा दिल्या असतील तर यादीतलं एक जागेचं नाव जुळत नाही. सगळी बिलं ठीक आणि एकाच वाणाचं नाव कोरं, असं दिसलं तर हेच.

यादी मोठी असेल, दोन-तीन हजार सुट्या भागांची, तर काम हळू चालतं आणि लोक नवा संगणक घ्यायला निघतात. थांबा. फंक्शन कितीदाही बोलावलं तरी फाईल एकदाच वाचली जाते, तिथे वेळ जात नाही. जातो तो दर ओळीला यादी वरपासून खालपर्यंत चाळण्यात. त्यावर ‘की’ नावाची अनुक्रमणिका करतात. पहिल्या आवृत्तीत ती फक्त हातातल्या फाईलपुरती चालते, म्हणून आधी यादीच्या फाईलमध्ये पाऊल टाकून मग शोधावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीत सरळ सांगता येतं. तासाभराचं काम आहे. तीस हजारांच्या संगणकाऐवजी एक तास.

हिशेब

आता आकडे. दर माणसागणिक बदलतो, म्हणून मी हिशेबाच्या सोयीसाठी ताशी ५०० रुपये धरतो. तुमच्याकडे ठरेल तो घालून बघा.

बंद पडलेली जुळणी तपासणं आणि फाईल जागेवर ठेवणं : अर्धा तास ते एक तास. पाचशेच्या वर देऊ नका. फोनवरून पडदा बघून होत असेल तर त्याहून कमी.

ब्राउझरवर चालणारं जुनं काम बाहेर काढून पॉवरशेलवर बसवणं, आणि दोनदा क्लिक केल्यावर चालेल अशी एक फाईल करून देणं : दोन ते तीन तास, म्हणजे हजार ते दीड हजार. स्टाइलशीट तीच राहते, तिला पुन्हा लिहिण्याचे पैसे मागितले तर का ते विचारा.

नव्याने सगळं : टॅलीची फाईल समजून घेणं आणि स्टाइलशीट लिहिणं पाच-सहा तास, बसवणं आणि शिकवणं एक तास. साडेतीन हजारांपर्यंत. दीडशे नावांची यादी त्यालाच भरायला लावली तर आणखी तीन तास, दीड हजार. एकूण पाच हजार. यादी घरी भरलीत तर साडेतीन. माझं मत, घरीच भरा. माल तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. तो ‘गरवं’ आणि ‘निमगरवं’ यांची अदलाबदल करून ठेवील आणि ते शेतात कळेल.

यावर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर पाच हजारांचे ५,९०० होतात. लावायला हरकत नाही, पण त्याची नोंदणी हवी. आपल्याकडे सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. बिलावर १५ अक्षरांचा क्रमांक बघा. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तो तपासता येतो.

येण्याजाण्याचे पैसे आधी बोला. कर्जतहून खोपोलीला माणूस लोकलने आला तर तिकीट वडापावापेक्षा स्वस्त, पण पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारी ती गाडी चुकली की पुढचीची वाट बघण्यात वेळ जातो, आणि काही जण तो वेळही तासात धरतात. खालापूर गावाला तर रेल्वेच नाही, खोपोलीहून पुढे रिक्षा. कशेळे-कडाव-खांडस बाजूला मोटारसायकलच. एकाच फेरीत काम संपावं म्हणून माणूस यायच्या आधी टॅलीची एक दिवसाची एक्सएमएल काढून त्याला पाठवा. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन त्यातून काढून टाका, किंवा खोटी नावं घातलेली दोन-तीन बिलं करून तीच पाठवा. तेवढ्यावर तो घरी बसून नव्वद टक्के काम करतो.

पोरं कुठे मिळतात? कर्जतला कोंकण ज्ञानपीठचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे, खोपोलीतही कॉलेज आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे काम जमतं, फक्त एक्सएसएलटी त्यांनी बहुधा पाहिलेली नसते. शिकायला चार दिवस द्या आणि त्या चार दिवसांचे तास धरू नका, हे आधीच ठरवा. आणि काम एप्रिलमध्ये द्या. मेच्या शेवटी बियाण्यांची गाडी उतरली की तुम्हाला वेळ नसतो, आणि जूनमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

वार्षिक देखभाल म्हणून रक्कम मागितली तर? टॅलीची आवृत्ती तुम्ही वर्षातून एखादवेळी बदलता. तेव्हा एक तास. महिन्याची फी या कामाला लागू होत नाही. इथे रोज चालणारा सर्व्हर नाही, भाडं नाही, काहीच नाही.

कागदावर

पाच हजारांच्या कामाला कोण करार करतं, असं म्हणाल. अर्धं पान पुरतं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने स्वतंत्रपणे लिहून दिलेला प्रोग्राम साधारणपणे त्याचाच राहतो. तुम्ही पैसे दिलेत म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. तो तुमच्या नावे लेखी करून घ्यावा लागतो, आणि किती काळासाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून लिहा : स्टाइलशीट, यादी आणि चालवायची फाईल यांचे सर्व हक्क कायमचे माझ्याकडे, तिन्हींच्या उघड्या, पासवर्ड नसलेल्या प्रती दिल्या. सही, तारीख. पुढे दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती करून घेताना कोणी आडवं येत नाही.

भांडण झालंच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण धंद्यासाठी घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर जाते, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या दुकानाला सवलत आहे, आणि ते सिद्ध करत बसावं लागतं. कर्जतहून अलिबागच्या दोन खेपा म्हणजे ज्या रकमेसाठी भांडायचं तिचा चांगलाच हिस्सा गेला. त्यापेक्षा निम्मे पैसे हातात राखा.

ते राखलेले पैसे देण्याआधी एकच करा. स्टाइलशीट आणि यादीचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, शेजारच्या दुकानातल्या संगणकावर टाका, फोल्डराचं नाव बदला, आणि करणाऱ्याला तोंडाने काही सांगू न देता भाच्याला बिल काढायला सांगा. नावाच्या रकान्यात ‘कर्जत-३ भात, १० किलो’ आणि शेजारी ‘हळवं’ उमटलं, तर उरलेले पैसे देऊन टाका. मग यादीची फाईल मुद्दाम दुसरीकडे हलवून पुन्हा काढायला सांगा. या वेळी बिल येता कामा नये, पडद्यावर ‘नावांची यादी सापडली नाही’ असं आलं पाहिजे.